दोन मणक्यांवर उभे राहिलेले घराणे

१८२८ साली जबलपूरजवळच्या बडा शिमला टेकडीवर कॅप्टन विल्यम स्लीमन यांना काही जडशीळ, दगड झालेली हाडे सापडली. ठगांचा बीमोड करणारे म्हणून स्लीमन आपल्याला ठाऊक असतात. भारतात डायनोसॉरची हाडे पहिल्यांदा वेचणारे म्हणून त्यांची ओळख फारशी कुणी करून देत नाही. त्यांनी मणके डॉ. स्पिल्सबरी यांच्याकडे दिले आणि डॉक्टरांनी ते १८३२ मध्ये कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पाठवले. अशोकाचे शिलालेख ज्यांनी वाचले तेच हे प्रिन्सेप. पण हे मणके वाचायची लिपी तेव्हा कुणाजवळच नव्हती. ‘डायनोसॉर’ हा शब्दसुद्धा रिचर्ड ओवेन यांनी पुढे १८४२ मध्ये घडवला.

हाडांना नाव मिळाले ते १८७७ साली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड लिडेकर यांनी शेपटीचे दोन मणके आणि मांडीच्या हाडाचा एक तुकडा यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ अशी नवी प्रजाती जाहीर केली. ग्रीक पुराणातल्या टायटन नावाच्या महाकाय देवतांवरून हे नाव घेतले. लांब मान, लांब शेपटी, खांबासारखे चार पाय आणि झाडपाला हेच अन्न असलेल्या सॉरोपॉड गटातले जे घराणे आज जगभर टायटॅनोसॉर म्हणून ओळखले जाते, त्याचे बारसे असे नर्मदेकाठी झाले. पुढे हेच घराणे पृथ्वीवर चाललेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांचे ठरले. आणि ज्याच्या नावाने घराणे चालले, तो मूळपुरुष मात्र कागदोपत्री टिकला नाही. ही कथा आपल्या मातीतली असून आपल्याला ती फार थोडी माहीत आहे, म्हणून हा आढावा.

आधी तो मणका नीट पाहू. पुढच्या बाजूला वाटीसारखा खळगा आणि मागच्या बाजूला गोल, गुळगुळीत उंचवटा. एका मणक्याचा उंचवटा त्याच्या मागच्या मणक्याच्या वाटीत जाऊन बसायचा, त्यामागचा त्याच्या वाटीत, अशी सगळी शेपटी जोडलेली. आपली मांडी कमरेत ज्या उखळीच्या सांध्याने फिरते, तशा सांध्यांची ही माळच म्हणायची. इतर बहुतेक सॉरोपॉडच्या शेपटीत मणक्यांच्या दोन्ही बाजू सपाट नाहीतर किंचित खोलगट असतात. त्यामुळे लिडेकर यांना ही घडण वेगळी वाटली, आणि त्या वेळी ती वेगळी होतीच. १८९३ मध्ये अर्जेंटिनाच्या पॅटागोनियातली हाडे अभ्यासताना त्यांना तसाच उखळीचा सांधा दिसला. त्यांनी तिथल्या प्राण्यालाही टायटॅनोसॉरसच म्हटले आणि ‘टायटॅनोसॉरिडी’ हे कुल मांडले.

इथून घराण्याचा पसारा वाढत गेला. वाटीदार मणका दिसला की टायटॅनोसॉरस, असा शिरस्ता पडला. भारत, अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप, लाओस अशा ठिकाणच्या एकूण चौदा जाती या एका प्रजातीत घातल्या गेल्या. काळाचा पल्ला मोजला तर तो सुमारे सहा कोटी वर्षांचा भरत होता. एकच प्रजाती इतकी पसरलेली आणि इतकी दीर्घायुषी असणे शक्य नाही, हे कुणालाही कळण्यासारखे आहे. तरी हे नाव शंभरावर वर्षे चालले.

२००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या पुराजीवशास्त्रज्ञांनी सगळी दप्तरे पुन्हा उघडली. वाटीदार मणका हे आता पुष्कळ टायटॅनोसॉरचे सामाईक लक्षण निघाले होते. गावात एकच घर कौलारू असते तेव्हा ‘कौलारू घर’ एवढा पत्ता पुरतो; सगळे गाव कौलारू झाले की तो पत्ता निरुपयोगी होतो. लिडेकर यांची चूक नव्हती. त्यांच्या नंतर सापडलेल्या प्राण्यांनी त्यांच्या मणक्याचे वेगळेपण संपवले. चौदांपैकी जेमतेम पाच जाती स्वतंत्र म्हणून टिकल्या आणि टायटॅनोसॉरस इंडिकस त्यांत नव्हता. मूळ प्रजातीच संशयास्पद ठरल्यावर तिच्यावर उभारलेल्या कुलाचे नाव चालू ठेवू नये, असे या दोघांनी मांडले. अर्जेंटिनाचे लिओनार्डो साल्गादो यांनी त्याच वर्षी नाव टाकण्याला हरकत घेतली. माझ्या मते विल्सन-अपचर्च यांचा निवाडा योग्य होता. नाव कितीही आपले आणि जुने असले तरी ज्या हाडावर ते टेकले आहे त्याने स्वतःची ओळख पटवली पाहिजे. आज बहुतेक अभ्यासक कुलाऐवजी ‘टायटॅनोसॉरिया’ हा मोठा गट मानतात. होजे बोनापार्टे आणि रोडोल्फो कोरिया यांनी तो १९९३ मध्ये सुचवला, आणि त्यात निदान नर्मदेकाठचा शब्द शिल्लक राहिला आहे.

तो मूळ मणका दरम्यानच्या काळात हरवलाही होता. लिडेकर यांच्या संग्रहाची मोजदाद चालू असताना २०१२ मध्ये कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मुख्यालयात तो पुन्हा हाती लागला. धनंजय मोहबे, शुभाशिस सेन आणि विल्सन यांनी पुढच्या वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये त्याची हकिगत लिहिली.

आता खुद्द प्राण्यांकडे वळू. टायटॅनोसॉर सुमारे चौदा कोटी वर्षांपूर्वीपासून दिसू लागतात आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकतात. अंटार्क्टिकासकट प्रत्येक खंडावर त्यांची हाडे मिळाली आहेत. सॉरोपॉडांची इतर घराणी संपत गेली. शेवटच्या काळात लांब मानेचा म्हणून जो दिसतो तो टायटॅनोसॉरच. त्यांची ठेवण भरभक्कम होती. कमरेचा घेर रुंद, त्यामुळे डाव्या-उजव्या पायांत अंतर पडलेले. जगात जिथे जिथे पावलांचे असे फाकलेले ठसे मिळतात, तिथून बहुधा हेच गेले असे मानले जाते. पुढच्या पायाला तर बोटे जवळजवळ उरलीच नव्हती. तळहाताची पाच हाडे नालेच्या आकारात उभी राहायची आणि त्या नालेवर सगळे ओझे पेलले जायचे. काहींच्या कातडीत हाडांचे गड्डे होते. अर्जेंटिनाच्या साल्टासॉरसवरून १९८० मध्ये ते पक्के झाले. मादागास्करच्या रापेटोसॉरसचा असा एक मोठा गड्डा आतून पोकळ निघाला. दुष्काळात किंवा अंडी घालण्याच्या काळात लागणारा चुना साठवायची ती कोठी असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.

आकाराचा प्रश्न लोक आधी विचारतात, म्हणून तोही पाहून घेऊ. अर्जेंटिनात १९८७ साली एका शेतकऱ्याला आपल्या रानात लाकडाचा ओंडका वाटावा असे एक हाड दिसले. त्यातून १९९३ मध्ये आर्जेंटिनोसॉरस जगापुढे आला. त्याची लांबी तीस मीटरच्या पुढे धरतात. २०१७ मध्ये चुबुत प्रांतातला पॅटागोटायटन जाहीर झाला. तो सुमारे ३७ मीटर लांब होता, आणि त्याचे मांडीचे हाड २.३८ मीटर भरले. आपल्या घराचे दार साधारण दोन मीटर उंच असते. हे एकटे हाड त्या चौकटीतून उभे आत येणार नाही. वजन आधी ६९ टन सांगितले गेले, नंतरच्या हिशेबात ते ५७ टनांपर्यंत खाली आले. मोठ्या सॉरोपॉडांच्या वजनाचे आकडे असेच हलतात, कारण सांगाड्यावर मांस किती चढवायचे आणि आत हवा किती धरायची हे ठरवणाऱ्यागणिक बदलते. सर्वांत मोठा कोण या शर्यतीत मला फारसा रस नाही. एवढे शरीर चालायचे कसे, हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

त्याचे उत्तर मानेत आणि तोंडात सापडते. हे प्राणी चावत नव्हते. पेन्सिलीसारख्या दातांनी डहाळी ओरबाडायची आणि तशीच गिळायची. चावायचे नाही म्हणजे मोठे जबडे नकोत, जाड स्नायू नकोत. डोके लहान राहिले, म्हणून मान लांब होऊ शकली. मान लांब झाली, म्हणून एका जागी उभे राहून मोठ्या घेरातला पाला पोटात जाऊ लागला आणि पावलागणिक होणारा खर्च वाचला. पक्ष्यांप्रमाणे हवेच्या पिशव्या मणक्यांत शिरलेल्या होत्या. त्यामुळे मान दिसायला अजस्र आणि वजनाला बेताची. दळण्याचे काम पोटातले जंतू करीत. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डायमंटिनासॉरसच्या पोटातले अन्न दगड झालेले मिळाले. पाने, फळांचे अवशेष, सूचिपर्णी झाडांचे तुकडे, सगळे जवळपास अखंड होते. आजवर दातांवरून जे अनुमान होते त्याला प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

घराण्यात सगळेच अजस्र नव्हते. रुमानियातल्या हात्सेग भागातला माग्यारोसॉरस जेमतेम सहा मीटरचा, म्हणजे बैलगाडीला बैल जुंपून जेवढी लांबी होते त्याच्या आसपासचा. तो भाग तेव्हा बेट होता, आणि बेटावर मोठे प्राणी लहान होत जातात असे बॅरन नोप्चा यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितले होते. २०१० मध्ये हाडांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा ती पिल्ले नसून पुरी वाढलेली जनावरे असल्याचे दिसले.

आता विदर्भात या. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे लाव्ह्याचे थर ज्यांवर पसरले, त्या गाळाच्या खडकांना ‘लमेटा’ म्हणतात. जबलपूरजवळच्या लम्हेटाघाटावरून हे नाव पडले. नर्मदेच्या खोऱ्यातून गुजरातपर्यंत आणि खाली चंद्रपूर-नागपूरकडे हे खडक तुकड्यातुकड्यांनी उघडे पडतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या परिसरात पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावे आहेत, आणि पुराजीवशास्त्राच्या जगात या दोन नावांना मोठा मान आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच पिसदुऱ्याची हाडे टिपली. लिडेकर यांनी १८७९ मध्ये ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ केला तो इथल्याच मणक्यांवरून.

डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पथकाने खोदकाम केले. सांख्यिकीची संस्था हाडे खणते याचे आज नवल वाटेल. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी पामेला रॉबिन्सन यांना बोलावून तिथे भूविज्ञानाचा विभाग उभा केला होता, त्याचे हे फळ. मान, पाठ, शेपटी यांचे मणके, फासळ्या, खांदा, पुढचा पाय असे एकाच प्राण्याचे पुष्कळ भाग हाती आले. कवटी आणि मागचे पाय मिळाले नाहीत. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याला ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ म्हटले. २००३ च्या त्याच फेरतपासणीत तो स्वतंत्र प्रजाती ठरला आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीसॉरस’ झाला. मूळपुरुषाचे नाव खाली आले, पण आपल्या डोंगरगावचे जनावर मात्र त्या तपासणीतून पक्के होऊन बाहेर पडले. त्याची मान आखूड आणि जाड, पुढचे पाय लांब. दंडाचे हाड १४८ सेंटिमीटरचे. या गटातला भारतातला इतका पूर्ण सांगाडा दुसरा नाही. त्याच्या बरोबरीने येतो तो जबलपूरचा जैनोसॉरस. चार्ल्स मॅटली यांनी खणलेल्या हाडांवरून तो १९३३ मध्ये वर्णिला गेला आणि पुढे सोहनलाल जैन यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१४ मध्ये मादागास्करहून जाहीर झालेला वाहिनी या जैनोसॉरसशी मिळताजुळता आहे. भारत आणि मादागास्कर एकत्र होते त्या काळाची ती खूण.

पिसदुऱ्याने दिलेली ठेव मात्र माझ्या लेखी सगळ्या सांगाड्यांहून मोठी आहे. ती म्हणजे शेण. दगड झालेले, गोलसर नाहीतर लांबट गोळे. त्यांना विष्ठाश्म म्हणतात. तिथे टायटॅनोसॉरची हाडे भरपूर मिळत असल्याने यांतले मोठे गोळे त्यांचेच मानले जातात. ज्वारीच्या रानातून चालताना पात्याने हात चिरतो. पात्यात काचेच्या जातीचे, सिलिकाचे बारीक कण असतात म्हणून. झाड कुजते, हे कण कुजत नाहीत, आणि प्रत्येक वनस्पतीच्या कणांचा घाट वेगळा. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या गोळ्यांत हे कण शोधले. सूचिपर्णी, सायकस, ताड, रुंद पानांची झाडे यांच्या जोडीने त्यांना गवताचे कण मिळाले, तेही निदान पाच वेगवेगळ्या प्रकारच्या गवतांचे. २००५ च्या ‘सायन्स’मध्ये हे छापून आले तेव्हा पाठ्यपुस्तकातले एक वाक्य बदलले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते असेच तोवर धरून चालले होते. २०११ मध्ये तर या कणांत भाताच्या नात्यातली गवते ओळखली गेली. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात आज धान पिकते, तिथेच साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भाताचे नातलग कुणाच्या तरी पोटात गेले होते. हे वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

अंड्यांचा शोध गुजरातने सुरू केला. तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात बालासिनोरजवळ रैयोलीला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चुनखडीच्या खाणीत ती दिसली, आणि मोहबे यांनी त्यांचा अभ्यास केला. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी २०२३ मध्ये हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी नोंदवली. अंडी साधारण नारळाएवढी, पंधरा-सतरा सेंटिमीटरची. एवढ्या मोठ्या आईचे एवढे लहान अंडे! घरटी इतकी खेटून आहेत की आईला तिथे परत पाऊल टाकायला जागा नव्हती. अंडी पुरायची आणि निघून जायचे, अशीच रीत असावी. मादागास्करमध्ये सापडलेल्या रापेटोसॉरसच्या पिल्लाची हाडे तेच सांगतात: जन्मताना तीन-साडेतीन किलो, आणि काही आठवड्यांत चाळीस किलो, स्वतःच्या पायांवर चरत.

त्या मधल्या दिवसांत पुष्कळ पिल्लांचा घास होत असे. गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथे मोहबे यांना १९८० च्या दशकात एक दगड मिळाला. त्यात अंडी आणि बारीक हाडे होती, ती सगळी पिल्लाची असावीत असे वाटले. २००१ मध्ये विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यातले काही मणके सापाचे असल्याचे त्यांनी ओळखले. साडेतीन मीटरचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून आहे, शेजारी अर्ध्या मीटरचे नुकते बाहेर आलेले पिल्लू. बहुधा वादळी पावसात वाळूचा ओघ आला आणि सगळे त्या क्षणात पुरले गेले. २०१० मध्ये त्या सापाला ‘सनाजेह इंडिकस’ नाव मिळाले. लमेटाच्या खडकांतून आलेल्या सगळ्या वस्तूंत मला हा दगड सर्वांत बोलका वाटतो.

हे सगळे वाचताना एक दुःख सोबत राहते. तमिळनाडूत कल्लमेडूजवळ ‘बृहत्कायोसॉरस’ नावाचा प्राणी १९८० च्या दशकात वर्णिला गेला. नडगीचे हाड दोन मीटर. तो आर्जेंटिनोसॉरसच्या तोडीचा किंवा त्याहून मोठा असू शकेल, असा दावा पुढे झाला. ती हाडे आज नाहीत. पावसापाण्याने ती ठिसूळ होऊन भुगा झाली, आणि आता वाद चालतो तो जुन्या छायाचित्रांवर. पुन्हा मोजायला हाड नाही, तर त्या मोठेपणाला अर्थही नाही.

धारमधल्या पाडल्या गावात लोक शेतात निघणारे गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून पुजत होते. ती टायटॅनोसॉरची अंडी निघाली. त्या श्रद्धेने ती फोडली गेली नाहीत, टिकली, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. आपल्याकडे गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथल्या खडकांचा काळ याहून जुना. पिसदुरा आणि डोंगरगावच्या लमेटालाही तेवढीच राखण हवी.

वरोरा, चिमूर, उमरेडकडे ज्यांची शेती आहे त्यांना म्हणून एवढीच विनंती. नांगरताना किंवा विहीर खणताना आकाराच्या मानाने फार जड, हाडासारखा जाळीदार किंवा गोळ्यासारखा दगड निघाला, तर तो घासून धुऊ नका, फोडू नका आणि उचलून घरी नेऊ नका. कोणत्या थरातून निघाला हे कळले नाही तर त्या दगडाची निम्मी माहिती गेलीच. जागेवरच त्याचा फोटो काढा, शेजारी एखादी पट्टी किंवा काडेपेटी ठेवा, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.